वर्दी, टर्नआउट आणि आपण केलेली पारख – अनुभव सांगा

पालशेतचा फौजी

गणपतीआधीची साफसफाई म्हणून परवा माळ्यावरची काळी ट्रंक खाली घेतली. आख्खा पावसाळा उघडली नव्हती. सगळ्यात वर माझी बेरे, म्हणजे फौजेची गोल लोकरी टोपी, कडेला कसर लागलेली. बेल्टचं पितळ हिरवं पडलेलं. सुनेने विचारलं, "बाबा, हे ठेवायचं का?" मी ब्रासो आणि जुनी बनियन मागितली आणि पडवीत घासत बसलो. घासता घासता ९८ सालचा भाद्रपद आठवला. घरातही कधी बोललो नाही, इथे लिहितो.

मी तेव्हा नायक हुद्द्यावर, युनिट पंजाबात. सुट्टीवर निघणाऱ्यांची पार्टी पहाटे फाल-इन व्हायची, म्हणजे रांगेत उभी राहायची, आणि ट्रकमध्ये बसवण्याआधी टर्नआउट, म्हणजे कपडे-बूट-केसांचा नीटनेटकेपणा, तपासायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. फौजी सुट्टीवर निघतो तो मुफ्तीत, म्हणजे साध्या कपड्यांत. पण मुफ्तीलाही आमच्याकडे नियम होते. शर्ट खोचलेला, बेल्ट, केस बारीक, दाढी त्याच सकाळची, पायात पॉलिश केलेले बूट. स्टेशनवर लोक तुम्हाला बघतात म्हणजे पलटणीला बघतात, हे रंगरुटीत, म्हणजे भरतीनंतरच्या ट्रेनिंगात, पहिल्या आठवड्यातच डोक्यात भरवलेलं. मला ते आजही पटतं.

दापोलीकडचा एक शिपाई चपलेवर उभा.

हा पोरगा मला आधीपासून ढिला वाटायचा. बेरे कधी धड बसलेली नसायची, शर्टाला दोन-दोन घड्या. जो कपड्यांत असा तो कामातही असाच, हे मी मनात ठरवून टाकलेलं. म्हटलं, बूट घालून ये. तो म्हणाला, "नाही जमणार उस्ताद." एवढंच. त्याने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नाव कापलं, दुसऱ्या दिवशीच्या पार्टीत टाकलं. ट्रक गेला.

रात्री बराकीत तो खाटेवर पाय पसरून बसला होता. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. आपल्याकडे भातलावणीत बायकांना होतात तशा साध्या नाहीत. कातडं पांढरं होऊन सुटलेलं आणि खाली लालभडक मांस. ओल्या बुटांत रात्रंदिवस पेट्रोलिंग केल्याचं ते फळ. एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेला नव्हता, कारण डॉक्टरने ॲडमिट केलं असतं तर सुट्टी बुडाली असती.

त्याच्याकडे गणपती दीड दिवसाचा. कोकण रेल्वे त्याच वर्षी पूर्ण सुरू झालेली, खेडपर्यंत गाडीने आला. घरी पोचला तेव्हा मखर रिकामं होतं. हे मला त्याने नाही, त्याच्या गाववाल्याने सांगितलं.

नियम पाळला ह्याबद्दल मला शंका नाही. "का जमणार नाही?" एवढे तीन शब्द विचारले नाहीत, ते सलतं.

तुमच्या घरात कुणी आर्मी, नेव्ही, कोस्ट गार्ड, एनसीसी कशातही असेल तर लिहा. कपड्यांवरून कुणी तुम्हाला जोखलं असेल किंवा तुम्ही कुणाला.

काजूगर

चिखल्यांवर बूट. वाचतानाच पाय आखडले. दादा, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

निळीची_पुडी

माझे बाबा नेव्हीत. आम्ही राजापूर तालुक्यातले, सगळीकडे जांभा. लाल धूळ आणि नेव्हीचा पांढरा गणवेश, विचार करा! सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आईचं तेच काम असायचं. विहिरीच्या पाण्यात निळीची पुरचुंडी फिरवायची, जास्त झाली तर कपडा आकाशी दिसतो, कमी झाली तर पिवळट. मग खळ. विकतची नाही, उकड्या तांदळाच्या पेजेची वरची निवळ, फडक्यातून दोनदा गाळलेली. गाळताना एक कण राहिला तर इस्त्रीखाली तपकिरी डाग पडतो. आणि इस्त्री कोळशाची, करवंटीचे निखारे घालून. ठिणगी उडू नये म्हणून आई कपड्यावर ओला पंचा टाकायची.

बाबा पहिल्यांदा तो गणवेश घालून डिव्हिजन्सला, म्हणजे नेव्हीच्या परेडला, उभे राहिले तेव्हा शेजारचा म्हणाला, "तेरे कपडे से चावल की बू आती है." बाकीचे हसले. बाबांनी आईला हे सांगितलं तिच्या साठीला! तोवर दर सुट्टीत ती पेजेची खळ करून देत होती आणि ते निमूट घेऊन जात होते.

करवंटी

@निळीची_पुडी करवंटीच्या निखाऱ्याची इस्त्री!! आमच्याकडे अजून आहे ती, पितळेची, कोंबड्याची मूठ असलेली. कोळसा पटकन धरतो आणि राख कमी. आता मात्र शो-केसमध्ये.

निळीची_पुडी

आमची मोडीत गेली गं. फोटो टाक ना.

माजी सुभेदार, महाड

पालशेतकर, जय हिंद. टर्नआउट बघणं चुकीचं नाही, पण काय बघायचं ते कळायला वर्षं जातात. नवा असताना मी बुटांची चमक बघायचो. नंतर पदकांच्या रंगीत फिती वाचायला लागलो. जवानाच्या डाव्या छातीवरच्या फिती म्हणजे त्याचं सर्विस बुक असतं, वाचता आलं पाहिजे. ९ वर्षांची, २० वर्षांची फीत नोकरी सांगते. सियाचीनची, हाय अल्टिट्यूडची फीत तो कुठे राहून आला ते सांगते. जखमी झालेल्याला वेगळं पदक मिळतं, त्याला आता पराक्रम पदक म्हणतात. मरून बेरे म्हणजे पॅराशूटवाला, काळी म्हणजे रणगाड्यांचा. खांद्याच्या दोरीचा रंग बघितला की पलटण कळते.

ह्यातही फसगत होते. नव्या पोस्टिंगवर एक हवालदार आले, छातीवर एकच ओळ. आम्ही आपसांत म्हटलं, आयुष्य स्टोअरमध्ये घालवलेलं दिसतंय. पुढे महिन्याभराने सैनिक संमेलनात सगळ्या फिती लावायचा हुकूम निघाला तेव्हा तीन ओळी. विचारलं तर म्हणाले, बाकीच्या बदलीच्या सामानात पुढे गेल्या होत्या, ट्रंक आत्ता पोचली. आम्ही महिनाभर एका माणसाला ट्रंक न पोचल्याची शिक्षा दिली.

दुसरी गोष्ट. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा पोशाख एकसारखा केला. बेरेचा रंग, रँकचे बिल्ले, बेल्टचं बक्कल, बूट सगळं सारखं, खांद्याची दोरी नाही. कर्नलपर्यंत जुनंच चालू. मला हे फार आवडलं. अनेक पलटणींचे जवान ज्याच्या हाताखाली आहेत त्याच्या अंगावर "हा अमक्यांचा" असं दिसूच नये.

पालशेतचा फौजी

सुभेदारसाहेब, राम राम. महाड म्हणजे फौजी आंबवडेकडचे का?

माजी सुभेदार, महाड

जवळचाच. त्या गावात घरटी एक फौजी, आमच्या गावात घरटी दोन म्हणतो मी :)

रापण

आमचो काको नेव्हीतून रिटायर. ४ डिसेंबर २०२३ क तारकर्लीक नौदल दिन झालो तेवा माका म्हणता, चल. मी म्हटलंय बोटी बघूक जावया. तर म्हणता, बोटी मी जल्मभर बघलंय, माका पोरांचे बाहीये बघूचे आसत. गर्दीत एक पोरगो गावलो, बाहीयेर एकच नांगर, म्हणजे लिडिंग सीमन हुद्दो. काको त्येका विचारता, "लिडिंग मां रे? पुढचो नांगर कधी?" पोरगो लाजलो. मगे दोघां अर्धो तास बोलत ऱ्हवली आणि मी उन्हात उभो.

त्याच दिवशी जाहीर झाला की अधिकाऱ्यांच्या खांद्यावरचे पट्टे शिवाजी महाराजांच्या वारशाचे होतले. महिन्याच्या शेवटाक ॲडमिरलांचे नवे पट्टे इले, राजमुद्रेवरसून घेतलेलो अष्टकोन. काक्याक फोटो दाखवलंय. डोळे पुसल्यान आणि म्हणता, सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर सांगल्यानी ता खरा केल्यानी.

मखर

दीड दिवसाचा गणपती चुकणं काय असतं ते मुंबईकर चाकरमान्यालाच विचारा. आमच्या साहेबांनी एका वर्षी सुट्टी नाकारली होती, मी ऑफिसच्या जिन्यात रडलो होतो. विषय सोडून लिहिलं, माफ करा.

दोन_वेण्या

मी रत्नागिरीत कॉलेजला असताना एनसीसीत होते. बेरे नवी मिळाली की ती पापडासारखी सपाट. मग कोमट पाण्यात बुडवायची, डोक्यावर घालून उजवीकडे खाली ओढायची, बिल्ला डाव्या डोळ्यावर, आणि तशीच डोक्यावर वाळवायची. जुलैत वाळणार कधी? आम्ही तीन-तीन तास ओल्या टोप्या घालून वसतिगृहात अभ्यास करायचो, सर्दी ठरलेली.

आमच्यात एक मुलगी होती, खाडीपलीकडून तरीने यायची. बूट दोन नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्र कोंबलेलं. चालताना टाच उचलली जायची, त्यामुळे ड्रिलमध्ये तिचा पाय अर्ध्या क्षणाने उशिरा पडायचा. कॅम्पच्या निवडीत तिला "टर्नआउट खराब" म्हणून बाहेर ठेवलं. तिच्या जागी मी गेले. माझा ड्रिल तिच्याहून चांगला नव्हता, माझे बूट मापाचे होते. मी तेव्हा एक अक्षर बोलले नाही. वीस वर्षं झाली, अजून कुणाच्या पायात सैल बूट दिसले की पोटात कालवतं.

काजूगर

@दोन_वेण्या ती आता कुठे असते?

दोन_वेण्या

पोलिसात. मागच्या वर्षी भेटली. पहिलं लक्ष माझं तिच्या बुटांकडे गेलं. मापाचे होते.

लांगऱ्याची_लेक

हे वाचून लिहायचं धाडस करते. माझे वडील फौजेत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. गावात कुणी म्हणायचं, "फौजी कसला, भाकऱ्या थापतो." वर्दी तीच, बेरे तीच, रंगरुटी तीच. इन्फन्ट्रीतला लांगरीही रायफल चालवायला शिकतो आणि हल्ला झाला तर खंदकात बसतो. पण आमच्या वाडीतले दुसरे एक निवृत्त त्यांना कधी नावाने हाक मारायचे नाहीत, "ए भंडारी" म्हणायचे. भंडारखाना सांभाळला म्हणून.

ह्या १५ ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांना बोलावलं होतं. बाबांनी पहाटे उठून कोटावर पदकं लावली, स्केलपट्टीने मोजून, सगळ्यांच्या खालच्या कडा एका रेषेत. त्या दुसऱ्या काकांची वाकडी लागली होती. बाबा गेले आणि काही न बोलता सरळ करून दिली.

मला खूप रडू आलं.

पालशेतचा फौजी

@लांगऱ्याची_लेक तुझ्या बाबांना माझा सॅल्यूट सांग. उणे वीस तापमानात गरम पोळी मिळाली की ती कुणी केली ते जवान कधी विसरत नाही.

सर्विंग_आहे_जास्त_नाही_लिहिणार

ड्यूटीवरून आलो, पटकन लिहितो. नवी डिजिटल कॉम्बॅट, म्हणजे ठिपक्यांच्या नक्षीची लढाईची वर्दी, १५ जानेवारी २०२२ च्या आर्मी डे परेडला पहिल्यांदा दिसली ती. हलकी आहे, लवकर सुकते, आणि शर्ट बाहेर ठेवायचा असतो. मधल्या काळात अर्धे जुन्या कपड्यात, अर्धे नव्या. नव्यावाल्याकडे बघून जुने म्हणायचे, शर्ट खोचायचा विसरला. आता सगळ्यांना सवय झाली.

एक विनंती: बाजारातली तसल्या नक्षीची पँट पोरांना घेऊ नका. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर २०१६ मध्ये लष्कराने हेच आवाहन केलं होतं. गेटवर आम्ही कपड्यावरून माणूस ओळखायला बसलेलो असतो, तिथे गफलत परवडत नाही.

करवंटी

अगं बाई, भाच्याला घेतलीय मी ती मे महिन्यात. देते काढून.

उजवीकडे

माझे बाबा काश्मीरमध्ये हुतात्मा झाले, मी सात वर्षांची होते. जिल्ह्याच्या ठिकाणी हुतात्मा स्मारकाच्या कार्यक्रमाला आई दरवर्षी जाते. साडीच्या पदरावर उजव्या बाजूला बाबांची पदकं. एका वर्षी पुढच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ वळून मोठ्याने म्हणाले, "ताई, पदकं डावीकडे लावतात, उलटी लावलीत." आजूबाजूचे बघायला लागले. आई खाली बघून म्हणाली, "डावीकडे त्यांनी लावायची होती."

ते गृहस्थ उभेच राहिले मग. कार्यक्रम संपेपर्यंत बसले नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वतः कमावलेली पदकं डावीकडे, गेलेल्या माणसाची घरच्यांनी उजवीकडे.

माजी सुभेदार, महाड

ताई, आईंना नमस्कार.

रापण

🙏

उजवीकडे

एक विचारायचं होतं. बाबांची वर्दी आहे घरात, पावसात बुरशीचे ठिपके येतात. धुवायचा धीर होत नाही, आईला वाटतं वास जाईल.

पालशेतचा फौजी

धुवू नका. कोरड्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर उलटी करून टांगा, मऊ ब्रशने ठिपके झटका. ट्रंकेत तळाला कडुनिंबाचा सुकलेला पाला, वर सुती पंचा, मग वर्दी. डांबरगोळ्या थेट कपड्यावर नकोत. पितळी बटणांखाली कागद घाला, हिरवा डाग कापडात उतरत नाही. पाऊस सरला की दसऱ्याच्या सुमारास एकदा बाहेर काढायची.

उजवीकडे

पाला किती?

पालशेतचा फौजी

दोन ओंजळी पुरे. आणि बूट असतील तर तेल लावू नका, आपल्या हवेत तेलावर बुरशी जास्त धरते. नुसतं पॉलिश. आत वर्तमानपत्र कोंबून ठेवा.