वृद्ध आई-वडिलांसाठी आपत्तीची पूर्वतयारी : सल्ला हवा आहे

माझे वडील ७९ वर्षांचे आणि आई ७५ वर्षांची असून दोघेच दुसऱ्या मजल्यावर राहतात. वडील इन्सुलिन घेतात आणि श्रवणयंत्र वापरतात. आई वॉकरच्या आधाराने चालते. पूर, भूकंप किंवा सलग काही दिवस वीज नसणे अशा प्रसंगी मदत पोहोचेपर्यंत दोघांचे निभावावे, यासाठी काय करून ठेवावे? तयार मिळणारी आपत्कालीन पिशवी पुरेशी होईल का?

प्रतिसाद १

पिशवी घेण्याआधी दोघांसोबत बसून त्यांचा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस लिहून काढावा, असे मी आग्रहाने सुचवेन; कारण तयार पिशवीत बॅटरी आणि मलमपट्टी असते, पण आपल्या वडिलांची औषधे नसतात. किमान आठवड्याची औषधे वेगळी ठेवावीत आणि नवी आणल्यावर जुनी आधी वापरावीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि स्टेरॉइड अचानक बंद करणे धोक्याचे असते, म्हणून कोणती औषधे एकही दिवस चुकवायची नाहीत, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. मात्र बहुतेक प्रकारचे इन्सुलिन ऊन आणि कडक उष्णतेपासून जपल्यास खोलीच्या तापमानाला सुमारे २८ दिवस वापरता येते. वीज गेली म्हणून घाईने ते टाकून देऊ नये. ते थेट बर्फालाही टेकवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वापरण्याजोगे राहत नाही. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरावे. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, तेव्हा ठरावीक वेळाने पाणी घेण्याची आठवण द्यावी लागते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. भूकंपाच्या वेळी आईंनी टेबलाखाली जाण्याची धडपड करू नये. वॉकरला ब्रेक असल्यास ते लावून शक्य तिथे बसावे, पुढे वाकावे आणि हातांनी डोके व मान झाकावी.

पुराचा इशारा मिळाल्यास सर्वांच्या आधी निघावे. २००५ साली कतरिना चक्रीवादळात अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मृत्यू पावलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक ७५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे होते.

धागाकर्ता

मनापासून आभार. वडील मात्र घर सोडणार नाही, असे ठामपणे सांगतात.

प्रतिसाद १

त्यांचे कारण आधी नीट ऐकून घ्यावे. बहुतेकदा त्यामागे कागदपत्रांची काळजी असते किंवा जिना उतरताना आई पडतील, ही भीती असते. कागदपत्रांच्या प्रती आपल्याकडे ठेवाव्यात आणि जिना उतरण्याचा सराव सवडीच्या दिवशी, सोबतीला माणूस घेऊन करावा. रात्री श्रवणयंत्र काढलेले असताना वडिलांना दारावरची थाप ऐकू येणार नाही, म्हणून त्याची डबी आणि टॉर्च उशाशी ठरलेल्या जागी असावी आणि घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे आजच द्यावी.