सात आणि तेरा वर्षांच्या मुलांसोबत वाचायचे पुस्तक कसे निवडावे?

प्रश्न : आमची मुलगी ७ वर्षांची आणि मुलगा १३ वर्षांचा आहे. मोठ्याने वाचायला पुस्तक घेतले, की धाकटीला समजते ते थोरल्याला बाळबोध वाटते आणि त्याच्या आवडीचे तिला झेपत नाही. निवड नेमकी कशी करावी?

प्रतिसाद १ : मुलांना स्वतः वाचून जेवढे समजते त्याहून बरेच अवघड ऐकून समजते, त्यामुळे पुस्तक थोरल्याकडे झुकणारे असले तरी चालेल. मात्र भाषा समजणे वेगळे आणि आशय पेलणे वेगळे. मृत्यू किंवा हिंसा केंद्रस्थानी असलेली किशोर-कादंबरी पालकांनी आधी स्वतः पूर्ण वाचावीच.

प्रतिसाद २ : मधलेच एखादे पान मोठ्याने वाचून पाहा. वाक्य संपेपर्यंत श्वास पुरत नसेल, किंवा कोणता संवाद कोणाचा हे नुसते ऐकून कळत नसेल, तर ते पुस्तक कितीही चांगले असले तरी एकट्याने वाचण्याचे आहे, असे मी समजते.

प्रतिसाद ३ : थोरल्याला एका पात्राचे संवाद वाचायला द्यावेत. दोन-तीन प्रकरणांनंतरही कोणालाच गोडी लागली नाही, तर पुस्तक खुशाल बदलावे.