'स्लमडॉग मिलियनेर' वाचनालयात दाखवावा का? खरंच एवढ्या ऑस्करच्या लायकीचा होता? (सल्ला हवा)

साखळीकर_वाचक
नमस्कार. आमच्या वाचनालयात महिन्याला एक सिनेमा दाखवतो आणि मग गप्पा मारतो. या वेळचा विषय 'पडद्यावरची गरिबी'. एका सभासदाने 'स्लमडॉग' सुचवलाय (मुंबईच्या झोपडपट्टीतला पोर टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत जिंकतो, तो ब्रिटिश दिग्दर्शकाचा सिनेमा). दुसरे म्हणतात, गोऱ्यांनी आपली घाण विकून ८ ऑस्कर नेले, तो नकोच. तुम्हाला काय वाटतं? अट एकच: हॉल ५ ते ७ एवढाच मिळतो आणि चर्चाही त्यातच उरकायची. सातनंतर वाळपईकडच्या लोकांची बसची पंचाईत होते. खर्चाला जेमतेम हजार रुपये आहेत.

सुंगटहुमण
दाखवू नका. आम्ही पणजीत पाहिला होता. अमिताभच्या सहीसाठी तो पोर संडासाच्या खड्ड्यात उडी मारतो, तिथेच आमची मंडळी उठून बाहेर गेली. तिकिटं वाया. सैराट लावा, हॉल भरेल.

वाळपयकर
सैराट जवळजवळ तीन तासांचा आहे. धागा वाचला का? शिवाय त्यात गरिबी नाही, जात आहे. मंजुळेंचाच हवा असेल तर 'फँड्री', पावणेदोन तासांत संपतो.

सुंगटहुमण
जात आणि गरिबी वेगवेगळी काढून दाखवा बघू एकदा.

ध्वनिवेडा
मी जत्रेच्या नाटकांना साउंड देतो, त्यामुळे या विषयात मला थोडं कळतं. ८-८ करत सगळे ओरडतात, पण कशाकशाला मिळाले ते कोणी बघत नाही. चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा सोडली तर बाकीचे पाच छायाचित्रण, संकलन, ध्वनिमिश्रण, पार्श्वसंगीत आणि गाण्याला. अभिनयाला साधं नामांकनसुद्धा नाही. नामांकनं १० होती, त्यात 'जय हो' आणि 'ओ साया' अशी दोन गाणी एकमेकांसमोर. म्हणजे दुसऱ्या कोणाकडून हरले ते फक्त ध्वनिसंकलनात, 'डार्क नाइट'कडून.

सुरुवातीचा पोलिसांचा पाठलाग हेडफोन लावून ऐका. पत्रे, पावलं, विमान आणि रहमानचा ठेका एकात एक मिसळतात, तरी प्रत्येक आवाज वेगळा कळतो. ध्वनिमिश्रण करणाऱ्या रेसूल पूकुट्टीच्या वाट्याचं ऑस्कर फुकटचं नाही. लहान डिजिटल कॅमेरा हातात धरून त्या बोळांत पळणं हेही येरागबाळ्याचं काम नव्हे. कथा मात्र आपला जुना मसालाच: अनाथ भाऊ, एक सरळ, एक वाया गेलेला, आणि नशिबात लिहिलेली पोरगी. आपण हे लहानपणापासून बघतोय, त्यांना ते नवं वाटलं. माझ्या मते पाच खरे, तीन उदारपणे दिलेले. (त्याच रात्री 'स्माईल पिंकी'लाही लघु माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, ते कोणाच्या लक्षातही नाही.)

मांडवीकाठ
सिनेमा सोडा, तो ज्यावरून केला ते पुस्तक वाचा. विकास स्वरूप, 'क्यू अँड ए', २००५. त्यात नायकाचं नाव राम महंमद थॉमस आहे. हे नाव गोंयकाराला समजावून सांगावं लागत नाही! सिनेमात त्याचा जमाल मलिक केला आणि सगळी गंमत घालवली. शिवाय सिनेमातल्या प्रश्नमंजुषेत 'दर्शन दो घनश्याम' कोणी लिहिलं, तर बरोबर उत्तर म्हणे सूरदास. अहो, ते गोपालसिंह नेपालींचं, १९५७च्या 'नरसी भगत'मधलं. जमालला तिथेच घरी पाठवायला हवं होतं.

शिगमो
गरिबी बघायला सिनेमा कशाला? मडगावात मोतीडोंगरावर जा, तिकीट लागत नाही.

खोचकराव
गरिबी विकल्याचा आरोप गोऱ्यांवरच होतो असं नाही. नर्गिसबाई खासदार असताना सत्यजित रायांना हेच म्हणाल्या होत्या, आणि ते तर आपलेच. बाकी २००४पासून इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गोव्यात, आपल्या दारात आलाय, तरी आपल्या लोकांना सिनेमा बघायला अमेरिकेचा शिक्का लागतोच.

सुंगटहुमण
इफ्फीचं नाव काढू नका. पणजीत कांपालला गाडी लावून चालत येईपर्यंत अर्धा सिनेमा संपतो.

वाळपयकर
कदंब बसने या ना, पात्रांव.

रत्नप्रभा
साखळीकर, 'सलाम बॉम्बे' दाखवा. मीरा नायर, १९८८. रस्त्यावरच्या मुलांची आधी कार्यशाळा घेतली, त्यांनाच पडद्यावर आणलं, आणि पुढे त्यातूनच सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. 'स्लमडॉग'वाल्यांनीही मुलांसाठी ट्रस्ट केला, नाही म्हणत नाही. पण ऑस्करनंतर काही महिन्यांतच त्यातल्या दोन बालकलाकारांची झोपडपट्टीतली घरं पाडली गेली. लाल गालिच्यावरून थेट तिथे.

आणि हे कोणीच सांगितलं नाही म्हणून सांगते: घरचं ओटीटी खातं लावून हॉलमध्ये सिनेमा दाखवता येत नाही. सार्वजनिक खेळाला हक्कदाराची परवानगी लागते. आधी ती विचारा, मग पोस्टर छापा.

खोचकराव
वाचनालयाच्या तीस खुर्च्यांना कोण विचारतंय, बाई?

रत्नप्रभा
तक्रार करायला एक खुर्ची पुरते, खोचकराव.

वाळपयकर
पुन्हा सांगतो, फँड्री.

साखळीकर_वाचक
सर्वांचे आभार. 'स्लमडॉग' पूर्ण दोन तासांचा आहे, तो लावला तर 'जय हो'चा नाच संपतो तिथेच हॉलचं कुलूप. 'सलाम बॉम्बे' आणि 'फँड्री'नंतरही चर्चेला जेमतेम काही मिनिटं उरतात. त्यामुळे 'स्माईल पिंकी' ठरवलाय. ३९ मिनिटांचा आहे, मिर्झापूरकडच्या दुभंगलेल्या ओठांच्या मुलीवर. परवानगीची मेल पाठवली आहे. त्यानंतर 'स्लमडॉग'वर तासभर भांडू, बहुतेकांनी तो पाहिलेलाच आहे.

ध्वनिवेडा
मी तो कंसात लिहिला होता, सुचवला नव्हता! शस्त्रक्रिया करणाऱ्या संस्थेच्या कामावरचा सिनेमा आहे तो, शेवट गोड होणारच. यावर काय भांडणार?

रत्नप्रभा
परवानगी येईपर्यंत थांबा एवढंच म्हणेन.

पेडण्याचा_पाव्हणा
धागा आत्ताच पाहिला. सैराट लावा की, सगळ्यांना आवडतो.