मदत हवी आहे: दोन मीटर जाड राफ्टच्या गाभ्याचं तापमान, सूत्र खरं की एक्सेल?

चिरेबंदी:
नमस्कार मंडळी. पर्वरीत (गोवा) एका इमारतीचा राफ्ट (पायाचा सलग काँक्रीट स्लॅब) ओतायचाय, जाडी २ मीटर, खाली जांभा. पाऊस यायच्या आत काम उरकायचंय, म्हणून जरा घाई.

सिमेंट घनमीटरला ४०० किलो. किलोमागे ३०० किलोज्यूल उष्णता धरली, तर काहीच बाहेर न जाता काँक्रीट ५० अंशांनी तापेल. निम्मी उष्णता पहिल्याच दिवशी निघते असं धरलंय, म्हणजे सरासरी ७०० वॅट प्रति घनमीटर. आमचे सीनियर पुस्तकातलं सूत्र लावतात: उष्मानिर्मिती गुणिले अर्ध्या जाडीचा वर्ग, भागिले दुप्पट वाहकता. वाहकता २ घेतली की गाभा पृष्ठभागापेक्षा १७५ अंशांनी गरम! मी एक्सेलमध्ये १० सेंटिमीटरचे नोड (तापमान काढायचे बिंदू) आणि तासाची पायरी घेऊन, निर्मिती दिवसागणिक ओसरत नेली. दोन्ही बाजूंना संवहन गुणांक (पृष्ठभागावरून हवेत उष्णता किती झपाट्याने जाते ते) १० ठेवला. तर तिसऱ्या दिवशी गाभा ४० अंशांनीच चढतो. ओततानाचं तापमान ३२ आहे, म्हणजे ७२.

सीनियर म्हणतात, वरून भरपूर पाणी मारा, निवेल. पाण्याने गाभा किती उतरेल? आणि खालचा जांभा कसा धरायचा?

उष्मावेडा:
एक्सेलच खरं. जी वाढ उष्णता अडवून ठेवली तरी ५०च्या वर जात नाही, ती १७५ कशी होईल? ते सूत्र स्थिर अवस्थेचं, निर्मिती कायम चालू आहे असं धरणारं. अर्ध्या जाडीचा वर्ग भागिले उष्मा-विसरणशीलता (काँक्रीटमध्ये उष्णता किती झपाट्याने पसरते ते) केलंत तर साधारण १४ दिवस येतात. गाभ्यातली उष्णता बाहेर पोचायला लागणारा वेळ त्या मापाचा, आणि सिमेंटचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांतच ओसरतो.

पाण्याचा मुद्दा जास्त धोक्याचा. तुमच्याच आकड्यांत गुणांक २५ घालून बघितलं: गाभा जेमतेम दोन अंश उतरतो, पण गाभा आणि पृष्ठभाग यांतला फरक २८वरून ३२-३३ वर जातो. तडे या फरकाने जातात, २०च्या आत ठेवायचा हा साइटवरचा नेहमीचा नियम. उलट वर जाड आच्छादन टाकून गुणांक ३ केला की गाभा दोन-तीन अंश चढतो, फरक मात्र १७च्या आसपास. म्हणून क्युअरिंगला (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायला) ओल हवीच, पण आच्छादनाखाली. गरम राफ्टवर पावसाची पहिली सर कोसळणंही तेच, म्हणून ताडपत्री तयार ठेवा.

गाभा मात्र ७०च्या खाली हवा, नाहीतर पुढे ओलाव्यात काँक्रीट फुगून चिरायचा धोका. तो आच्छादनाने उतरणार नाही. सिमेंटचा मोठा वाटा स्लॅगने (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) बदला, पाण्यात बर्फ घाला, ओतणं रात्री ठेवा.

जांभ्याला संवहन लावू नका. जमीन स्वतः तापते, वाऱ्यासारखी उष्णता घेऊन जात नाही. खाली दोन-तीन मीटर जमिनीचे नोड जोडा. गाभा थोडा अजून वर जाईल.

चिरेबंदी:
आभारी आहे. जमिनीचे नोड आजच जोडतो. आच्छादन काढायचं कधी?

उष्मावेडा:
दिवस मोजून नको. गाभ्यात एक आणि वरून ५ सेंटिमीटरवर एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवा. गाभा आणि पहाटेची हवा यांतला फरक २०च्या आत आला, की एकेक थर काढा. सगळे एकदम नाही.