मदत हवी आहे: पीसी आणि प्लेस्टेशनवर एकत्र मॅच लागतच नाही

जळगावकर१०
तीन रविवार वाया गेले. मी इथे पीसीवर, धाकटा भाऊ नंदुरबारला प्लेस्टेशनवर. दोघांकडे एकच गेम, एफसी २४ (फुटबॉलचा, आधी ज्याला फिफा म्हणायचे तोच). क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरून एकत्र खेळायची सोय, चालू आहे, तरी तो मला सापडतच नाही. प्लेस्टेशन घेताना दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं की पीसीवाल्याशी खेळता येईल. नोकरी लागायच्या आधी आम्ही घरी एकाच स्क्रीनवर खेळायचो, तेवढाच वेळ एकमेकांशी धड बोलायचो. आज रात्री ९ ला परत बसतोय. काय करू, लवकर सांगा.

तापीकाठ
नेट कुठलं? मोबाईलचा हॉटस्पॉट असेल तर नाद सोड. चोपड्याला मी वर्षभर हॉटस्पॉटवर डोकं आपटलं, फायबर घेतल्यावरच मॅच लागायला लागल्या.

जळगावकर१०
दोघांकडे फायबर आहे. अनोळखी लोकांशी मॅच लगेच लागते. भाऊच सापडत नाही.

रावेरचा केळीवाला
पीसी तापत असेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, माझा गेम दुपारी अडकत अडकत चालायचा. झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ, वाळलेल्या पिठासारखी. ब्लोअर मारला तेव्हा चालला. आणि स्टॅबिलायझर लावलाय ना? आमच्याकडे व्होल्टेज फार खालीवर होतं.

जळगावकर१०
भाऊ, गेम छान चालतो. प्रश्न तो नाहीच.

साक्रीचा गोली
तुन्हा भाऊनं प्लेस्टेशन ४ शे का ५? ते सांग आदी.

जळगावकर१०
४. सेकंड हँड घेतलंय. त्याने काय फरक पडतो? डिस्कवर नाव तर तेच आहे.

साक्रीचा गोली
तिथंच घोडं अडलंय. नाव एक, पण गेम दोन. पीसीवरचा २४ हा पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजच्या पिढीचा, त्याची मॅच त्यांच्याशीच लागते. पीएस४ ची जोडी एक्सबॉक्स वनशी. तू सेटिंगमध्ये काहीही दाबलं तरी या दोन गटांची गाठ पडत नाही. दुकानदाराने अर्धंच सांगितलं.

धुळे विंगर
मग दोघांनी फिफा २२ घ्या. त्यात पीसीलाही पीएस४ च्याच पिढीचा गेम दिला होता.

साक्रीचा गोली
पिढी जुळेल, मॅच कशी लागणार? २२ मध्ये क्रॉसप्लेची नुसती चाचणी झाली, तीही पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजपुरती. पीसी बाहेरच होता. माणसाला उगाच खर्चात पाडू नका.

धुळे विंगर
चुकलो, चाचणीचं माहीत नव्हतं. पण पीसीवाल्यांना शिळंच वाढतात हे खरं आहे. २०१३ ला फिफा १४ आला तेव्हा पीएस४ ला नवं इंजिन आणि आम्हाला जुनंच. पुढे पीसीला बरोबरीचा गेम मिळाला होता, तो २१ आणि २२ ला परत काढून घेतला. २३ ला कुठे पुन्हा पंगतीला बसवलं. पैसे मात्र आम्ही दरवर्षी मोजले.

तापीकाठ
म्हणून म्हणतो, इफुटबॉल टाका. २०२१ पासून फुकट आहे.

रावेरचा केळीवाला
इफुटबॉलचं जुनं नाव पेस, त्यातल्या पेस ६ ची सर त्याला नाही. मास्टर लीगमध्ये, म्हणजे आपला क्लब चालवायच्या खेळात, कास्तोलो, मिनांदा असले कुणाला माहीत नसलेले गडी घेऊन सुरुवात करायची आणि कप आणायचा. हिवाळ्यात शेतात भरीत-पुरी झाली की रात्रभर आमचं तेच चालायचं.

जळगावकर१०
पेस मीही खेळलोय, पण आज ९ वाजताचं बोला ना. पीएस५ आत्ता परवडणार नाही.

मुक्ताईनगर मिडफिल्ड
तुझा गेम स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर) आहे का? आणि भावाकडे लॅपटॉप?

जळगावकर१०
स्टीमवरच. लॅपटॉप ऑफिसच्या कामाचा आहे, साधा. त्यावर हा गेम चालणार नाही.

मुक्ताईनगर मिडफिल्ड
चालवायचा नाहीच, गेम तुझ्याच पीसीवर चालेल. स्टीममध्ये रिमोट प्ले टुगेदर आहे. त्याने लॅपटॉपवर स्टीम टाकून खातं उघडायचं, गेम विकत घ्यायची गरज नाही. तू गेम सुरू कर, फ्रेंड लिस्टमधून त्याला आमंत्रण पाठव. तुझं चित्र त्याला दिसेल, त्याची बटणं तुझ्या पीसीवर लागतील. गेमला वाटेल दोघे एकाच खोलीत बसलेत. म्हणून ऑनलाइन मॅच शोधू नका, घरी खेळायचात तशी साधी मैत्रीची मॅच लावा. पीएस४ चा कंट्रोलर केबलने लॅपटॉपला जोडला की स्टीम ओळखतं. फक्त केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही.

साक्रीचा गोली
हाई भारी शे. मले सुचनं नही.

जळगावकर१०
९:४० ला चालू झालं! आधी कंट्रोलर दिसेना, केबल बदलली तर लगेच लागला. तीन मॅच झाल्या, दोन त्याने मारल्या. त्याला पास जरा उशिरा लागतोय, पुढे धावणारा गडी हुकतो. दोघे वायफायवर आहोत.

मुक्ताईनगर मिडफिल्ड
आधी तुझा पीसी राउटरला वायरने जोड, चित्र तिकडूनच जातं. मग भावाला त्याच्या लॅपटॉपवर स्टीमच्या रिमोट प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ७२० वर आणायला सांग.

जळगावकर१०
राउटर बाहेरच्या खोलीत आहे. उद्या १५ मीटर वायर आणतो.