कंबर दुखत असताना व्यायाम थांबवावा की चालू ठेवावा?

प्रश्न

माझे वय ४४ असून दिवसातील आठ-नऊ तास मी संगणकासमोर बसून काम करतो. सात महिन्यांपूर्वी जड पेटी उचलताना कंबरेत उसण भरली आणि तेव्हापासून दुखणे पूर्णपणे असे कधी थांबलेच नाही. सुरुवातीचे तीन आठवडे सक्त विश्रांती घ्या असे सांगितले गेले, म्हणून ते अंथरुणावर काढले. पुढे एमआरआयच्या अहवालात चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकती झिजून फुगल्याचे वाचले, आणि त्या दिवसापासून वाकायचे म्हटले की माझा श्वास अडकतो. पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा नाही. शस्त्रक्रियेची गरज नाही, व्यायाम करा, एवढेच डॉक्टरांनी सांगितले आहे.

माझी अडचण नेमकी इथेच आहे. बरे वाटले की मी उत्साहाने पाऊण तास चालतो, पाठीचे ठाऊक असलेले सगळे व्यायाम करतो, आणि दुसऱ्या दिवशी कंबर अशी धरते की पुढचे चार दिवस पडून जातात. असे आतापर्यंत पाच-सहा वेळा झाले आहे आणि प्रत्येक वेळी माझी ताकद थोडी कमीच झालेली जाणवते. दुखत असताना हालचाल केल्याने चकती आणखी बाहेर येईल का? व्यायाम करताना दुखू लागले तर कुठे थांबावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करीत आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरी तुमच्या वर्णनातील दोन गोष्टींविषयी मी खात्रीने लिहू शकते.

पहिली गोष्ट अहवालाची. कंबर मुळीच दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतील सुमारे ६८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आणि सुमारे ५० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे तुमच्या वयाच्या, कसलाही त्रास नसलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या अहवालात हेच वाक्य येऊ शकते. तुमचे दुखणे खोटे आहे असा याचा अर्थ नाही. परंतु जपून केलेल्या हालचालीने फुटून जाईल असे काही नाजूक तुमच्या पाठीत आहे, ही समजूत मात्र मनातून काढून टाकावी. प्रौढ वयात चकतीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण लगतच्या मणक्यांमधून झिरपून येते आणि हालचालीत पडणाऱ्या-सुटणाऱ्या दाबाबरोबर तिच्यातील पाण्याची ये-जा होत राहते, त्यामुळे पाठ दीर्घकाळ स्थिर ठेवण्याने तिचे संरक्षण होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तुमचे माप दुखणे ठरवते आहे: दुखत नाही त्या दिवशी भरपूर, दुखते त्या दिवशी शून्य. हे माप घड्याळाकडे सोपवा. वाईट दिवशीही दुसऱ्या दिवसाचा त्रास न वाढवता तुम्ही किती मिनिटे चालू शकता, ते तीन-चार दिवस पाहा. ते बारा मिनिटे आले तर सुरुवात नऊ-दहा मिनिटांपासून करा. मग चांगल्या दिवशी दहाच मिनिटे आणि वाईट दिवशीही दहाच मिनिटे. चांगल्या दिवशी स्वतःला आवरणे हे वाईट दिवशी उठण्यापेक्षा अवघड जाते, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आठवडाभर हे निभावले की दोन मिनिटे वाढवा.

कुठे थांबावे, याचा मी रुग्णांना सांगते तो नियम असा आहे: शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर दुखणे तीन-चारपर्यंत गेले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आले, तर ते प्रमाण तुम्हाला मानवले आहे. चोवीस तासांनंतरही वाढलेलेच राहिले, तर प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, पण बंद करू नका.

कोणता व्यायाम, या प्रश्नात लोक विनाकारण अडकून पडतात. दीर्घकालीन कंबरदुखीवरील २४९ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्यात व्यायामाचा उपयोग दिसून आला. व्यायामप्रकारांमधील फरक मात्र त्यामानाने लहान आहेत. सुरुवातीला हातगुडघ्यांवर येऊन पाठ सावकाश वर-खाली करणे, पाठीवर झोपून गुडघे वाकवून नितंब उचलणे, आणि हातगुडघ्यांवर असताना विरुद्ध बाजूचे हात-पाय दहा सेकंद लांब धरणे एवढे पुरे आहे. मग चालणे आहेच.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. माझी कंबर दोन वर्षे दुखत होती आणि दुखण्यापेक्षा वाकण्याच्या भीतीनेच मला अधिक जखडून ठेवले होते, म्हणून त्याविषयी लिहितो.

मी पाठ फळीसारखी ताठ ठेवून वावरत असे, मोजाही बसून, श्वास रोखून चढवत असे. माझ्या फिजिओथेरपिस्टने गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर एक वही ठेवली आणि नितंब मागे नेत, श्वास सोडत ती उचलायला सांगितली. दिवसातून दोनदा, प्रत्येकी पाच वेळा. आठवड्याने स्टूल थोडे बुटके झाले, मग आणखी बुटके, आणि सातव्या आठवड्यात वही जमिनीवर होती. त्यानंतर वहीच्या जागी पिशवी आली आणि पिशवीत हळूहळू वजन वाढत गेले. जी हालचाल करताना दुखापत झाली होती तीच मला परत मिळवायची होती, आणि ती टाळून मी कितीही चाललो असतो तरी ती परत आली नसती.

एक सूचना करतो. रात्रभर आडवे असताना चकत्यांमध्ये पाणी भरते, त्यामुळे उठल्यावर पाठ अधिक ताठर वाटते. वाकण्याचा सराव म्हणूनच पहाटे न करता उठून तास-दोन तास गेल्यावर करावा.

प्रतिसाद ३

वरील सल्ला सर्वसाधारण कंबरदुखीला लागू आहे, परंतु हा धागा इतरही वाचतील, म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, लघवी अडणे, जांघांच्या मध्यभागी बधिरता येणे किंवा पायातील शक्ती कमी होत जाणे यांपैकी काहीही झाले तर व्यायामाचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल तर आधी तपासणी करावी. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेले, विश्रांतीने वाढणारे, हालचालीने कमी होणारे आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठरपणा देणारे दुखणे हा मणक्याच्या सांध्यांच्या दाहाचा प्रकार असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञांना भेटावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. चांगल्या दिवशी थांबायचे, हे मला आजवर कुणी सांगितले नव्हते. दोनच शंका आहेत: चालताना कंबरेला पट्टा बांधावा का? आणि चालण्याचे अंतिम लक्ष्य किती ठेवावे?

प्रतिसाद १

दीर्घकालीन साध्या कंबरदुखीसाठी पट्टा नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे. तुम्हाला त्याची सवय झाली असेल तर एकदम न सोडता रोज थोडा थोडा वेळ कमी करा.

चालण्याविषयी ऑस्ट्रेलियात झालेली एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना चालण्याचा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने आखून दिला, त्यांचे दुखणे उलटण्याआधीचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्या जणांचे दुखणे उलटेपर्यंतचा काळ) २०८ दिवस होता, तर इतरांचा ११२ दिवस. त्यांच्यासमोर आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास हे लक्ष्य होते आणि तिथे पोहोचायला सहा महिने दिले होते. तुमचे दुखणे अजून चालू आहे, तेव्हा तुम्हाला यापेक्षा अधिक वेळ लागला तरी चालेल. पहिले पंधरा दिवस फक्त मिनिटे आणि दुसऱ्या सकाळचे दुखणे लिहून ठेवा आणि ती नोंद येथे कळवा. वाढ किती करायची ते त्यावरून ठरवू.