मैदान ३४, लेखी ७४ आणि मेरिट तीन गुणांनी हुकलं. पुढच्या भरतीसाठी काय बदलू?

सावली_२३

नमस्कार. मी २३ वर्षांची आहे, बी.ए. झालंय. पोलीस शिपाई पदाची भरती दुसऱ्यांदा दिली. मैदानात ५० पैकी ३४ आणि लेखीत १०० पैकी ७४ मिळाले. माझ्या प्रवर्गात महिलांचं मेरिट १११ ला थांबलं. यादीत नाव आधी वरून खाली शोधलं, मग खालून वर. भाऊ शेजारी बसला होता, तो काहीच बोलला नाही.

८०० मीटरला ३ मिनिटं १८ सेकंद लागतात, गोळा ५.२० मीटर जातो. आमच्याकडे ट्रॅक नाही, म्हणून पहाटे डांबरी रस्त्यावर रोज पाच किलोमीटर पळते. गेले तीन आठवडे नडगी दुखतेय. लेखीत वेळ संपला आणि गणिताचे नऊ प्रश्न तसेच राहिले.

घरचे म्हणतात, एक वर्ष अकॅडमीत जाऊन राहा. जाऊ का? आणि आणखी एक गोष्ट आहे, जी मी अजून कुणाला विचारली नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी बांधावरून चुलत्यांशी भांडण झालं. त्यांनी फिर्यादीत घरातल्या सगळ्यांची नावं घातली, त्यात माझंही. मी तेव्हा घरात होते, बांधावर गेलेच नव्हते. नंतर गावातल्या मोठ्या माणसांनी मिटवलं, कोर्टात तडजोड झाली. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची सगळी माहिती लिहून द्यायचा फॉर्म, भरावा लागतो म्हणे. त्यात हे लिहायचं का? मैत्रीण म्हणते, मिटलंय ना, मग कशाला उकरतेस. मला रात्री झोप लागत नाही.

चेस्ट_नंबर_४१२

सावली, मी २०१८ ला दोन गुणांनी गेले होते. त्यामुळे यादी खालून वर वाचणं काय असतं ते माझ्यापुरतं मला माहीत आहे. आज अंगावर वर्दी आहे.

मी तीन भरत्या दिल्या आणि तिन्हींची पद्धत वेगळी निघाली. २०१८ ला आधी मैदान होतं, तेही १०० गुणांचं. २०१९ च्या जाहिरातीत मैदान ५० वर आलं आणि लेखी आधी ठेवली. कोरोनामुळे ती लेखी २०२१ मध्ये झाली. तोवर आम्ही घरात बसून तीच तीच पुस्तकं घोकली आणि पाय आखडून गेले. तिसऱ्या वेळी, २०२३ च्या जानेवारीत, पुन्हा आधी मैदान. म्हणून जाहिरात आली की ती स्वतः वाच, शेवटच्या पानापर्यंत. कुणाच्या व्हिडिओवर विसंबू नकोस.

आता तुझं ३:१८. पहिल्या राऊंडला किती आणि दुसऱ्याला किती, हे तू लिहिलं नाहीस. मी पैज लावते, पहिला दीड मिनिटाच्या आत आहे आणि दुसरा पावणेदोनच्या पुढे. ८०० ला पैकीच्या पैकी २० गुण २ मिनिटं ५० सेकंदांना आहेत. म्हणजे ४०० चा राऊंड ८५ सेकंदांत, तसाच दोनदा. पहिला ८५ मध्ये आपण सगळ्याच मारतो. शिट्टी झाली की घोळका सुटतो, शेजारची मुलगी पुढे जाते आणि आपण तिच्या पाठीला लागतो. मी दुसऱ्या भरतीत पहिला राऊंड १:२० ला काढला होता. शेवटच्या वळणावर मांड्या अशा भरून आल्या की पाय उचलतोय की ओढतोय ते कळेना. ज्या मुलींना मी मागे टाकलं होतं, त्या एकेक करून शेजारून गेल्या. त्यांच्या बुटांचा आवाज अजून कानात आहे.

तुझे राहिलेले गुण त्या दुसऱ्या राऊंडमध्ये आहेत. रोजचे पाच किलोमीटर बंद कर. पाच किलोमीटरची चाचणी एसआरपीएफच्या, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाच्या मुलांना असते, तुला नाही. २०० मीटर मोजून खूण कर. ते अंतर ४४ सेकंदांत, सहा वेळा, मध्ये दोन-दोन मिनिटं चालणं. ४४ म्हणजे ४४. चाळीसला आलीस तर ती चूक धर, कारण तू वेग धरायला शिकतेयस, दाखवायला नाही. ४४ चे चार तुकडे जोडले की २:५६ होतात. मी हे आठवड्यातून दोनदा केलं, अडीच महिने. पहिले दोन आठवडे मला ४४ धरताच येत नव्हतं, कधी ३९ तर कधी ४८.

गोळ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण मुली तिथे सगळ्यात जास्त गुण सोडतात आणि तिथेच ते सगळ्यात लवकर वाढतात. ४ किलोचा गोळा, ६ मीटरला पूर्ण १५ गुण. तू ५.२० टाकतेस म्हणजे ताकद आहे. बहुतेक तू तो तळहातावर घेतेस. बोटांच्या मुळाशी घे. मधली तीन बोटं मागे, अंगठा आणि करंगळी नुसती आधाराला. गोळा हनुवटीखाली मानेला टेकलेला पाहिजे. माझा गोळा गंजलेला होता, मानेवर तांबूस डाग पडायचा. सराव झाला की मी आरशात तो डाग बघायचे. जबड्याखाली असला तर ठेवण बरोबर, खांद्याकडे घसरलेला असला तर त्या दिवशीचे सगळे फेक चुकीचे. दुसरं कोपर. ते खाली पडलं की गोळा चेंडूसारखा फेकला जातो आणि समोरच पडतो. माझ्याबरोबर सराव करणारी एक मुलगी मागे उभी राहून दोन बोटांनी माझं कोपर वर धरायची. ढकल मागच्या पायातून येऊ दे, हात सगळ्यात शेवटी सुटला पाहिजे. एका संध्याकाळी माझा ५.४० चा ५.८५ झाला. मी टेप तीनदा लावून बघितली. आणि फेकल्यावर पुढे झुकून रेषा ओलांडू नकोस. फाऊल झालेला फेक कितीही लांब गेला तरी धरत नाहीत.

लेखीचं एवढंच. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नऊ गोल कोरे ठेवून उठणं यापुढे नको. शेवटची पाच मिनिटं राखून ठेव आणि राहिलेले सगळे रंगव. गणित शेवटी घेत असशील तर मधे आण. डोकं थकल्यावर काळ-काम-वेग सुटत नाही, मराठी व्याकरण सुटतं.

अकॅडमी. मी आठ महिने राहिले. पहाटे उठायची सवय लागली, ते खरं. पण पन्नास मुलींमागे एक सर होते, माझं कोपर त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझे गुण वाढले ते नंतर, घरी, घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या बहिणीमुळे. घरात अभ्यासाला जागाच नसेल, दिवसभर कामाला जुंपत असतील, तर जा. नाहीतर तुझा भाऊ शेजारी बसतो ना, त्याच्या हातात घड्याळ दे.

मैदान_मास्तर

मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. वरच्या ताईंनी सगळं नीट सांगितलंय, पण पोरी, ते २०० चे तुकडे आज सुरू करू नकोस. तीन आठवडे नडगी दुखतेय म्हणजे आधी ती बघायची. बोटाने हाडाच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत दाबत ये. लांब पट्ट्यात ठणकत असेल तर डांबर आणि झिजलेले बूट याचा तो त्रास असतो, विश्रांतीने उतरतो. पण एकाच टिचभर जागी कळ येत असेल, रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सरळ अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. माझ्या एका विद्यार्थ्याने भरती जवळ आलीय म्हणून पट्टी बांधून पळणं चालू ठेवलं होतं. त्याला मैदानाच्या दिवशी उभंही राहता आलं नाही. मी त्याला जबरदस्तीने थांबवायला हवं होतं.

दुखणं गेल्यावर मातीवर पळ. कापणी झालेलं सपाट रान, शाळेचं मैदान, काहीही चालेल. खड्डे मात्र आधी चालून बघून घे.

काळा_कोट

तालुका कोर्टात वकिली करतो. बांधाच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण मैत्रिणीने दिलेला सल्ला धोक्याचा आहे.

साक्षांकन नमुन्यात तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालला का, असं विचारलेलं असतं. 'सध्या चालू आहे का' एवढाच तो प्रश्न नसतो. तुम्ही 'नाही' लिहिलं आणि चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याच्या नोंदीतून ते बाहेर आलं, तर प्रश्न बांधाचा राहत नाही, माहिती दडवल्याचा होतो. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, काही दडवलेलं नसलं पाहिजे. खरं सांगितल्यावरही गुन्ह्याचं स्वरूप पाहून उमेदवार योग्य आहे का, हे ठरवायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला राहतो, हेही त्यात आहे. त्यामुळे लिहिलं की काम झालंच, असं मी म्हणणार नाही. पण किरकोळ भांडणाकडे आणि गंभीर गुन्ह्याकडे सारख्याच नजरेने पाहायचं नाही, हेसुद्धा त्याच निकालात आहे.

तुमच्या बाजूची गोष्ट अशी, की कलमं तडजोडीस पात्र असतील आणि कोर्टाने तडजोड नोंदवली असेल, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० (८) प्रमाणे तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. फक्त ते तोंडी सांगून चालत नाही. गावात मिटलं आणि कोर्टात मिटलं, यात फरक आहे. उद्याच कोर्टात जा, नकलेचा अर्ज करा, निकालाची प्रमाणित नक्कल घ्या. फिर्यादीची प्रतही घ्या. त्यात तुमच्या नावापुढे नेमकं काय लिहिलंय ते वाचा. नमुन्यात गुन्हा क्रमांक, कलमं, कोर्ट, निकालाची तारीख सगळं जसंच्या तसं लिहा आणि नक्कल जोडा.

सावली_२३

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, दाबून बघितलं. डाव्या पायाला एकाच ठिकाणी कळ येते, घोट्याच्या चार बोटं वर. उद्या भावाबरोबर दवाखान्यात जातेय. ताई, तुम्ही म्हणालात ते मागच्या सरावाच्या वहीत शोधलं. पहिला राऊंड १:२६, दुसरा १:५२. वहीत दोन्ही लिहिलेले होते, पण मी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितलेच नाहीत.

वकील साहेब, खटल्याचा क्रमांक आमच्याकडे नाही. कागद सगळे चुलत्यांकडे आहेत. त्यांच्याकडे मागावे लागतील का?

काळा_कोट

नाही. वडिलांचं नाव, पोलीस ठाणं आणि साल सांगितलं तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. नाही सापडलं तर कोर्टातल्या फौजदारी लिपिकाला विचारा. तुम्ही स्वतः त्या खटल्यात आरोपी होता, नक्कल मागायचा तुमचा हक्क आहे.

चेस्ट_नंबर_४१२

१:२६ आणि १:५२. सव्वीस सेकंद, सावली. ते तुझेच आहेत.

डॉक्टर सांगतील तोवर पळायचं नाही, माझं नाव घेऊन सुद्धा नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं तर खुर्चीवर बसून गोळ्याची ठेवण कर, नुसती मान, बोटं आणि कोपर. रोज पन्नास वेळा, फेकायचा नाही. आणि एक्स-रेत काय आलं ते इथे लिही, मी रात्रपाळीला आहे, वाचेन.